पाणकणसातला तापस

सातारा-सांगलीतले पाणपक्षी म्हटले की मायणी आणि येरळवाडीचे रोहित पक्षी आठवतात. खटाव तालुका अवर्षणप्रवण, पण चांद नदीवरच्या मायणी तलावाच्या उथळ काठांनी पक्ष्यांना थारा दिला. 2021 मध्ये या परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, हे फार चांगलं झालं.

मात्र आज सांगायचंय ते बगळ्याच्या कुळातल्या तापसाबद्दल. पाणकणीस आणि लव्हाळ्यात राहणारा हा लाजरा पक्षी. चाहूल लागली की तो उडत नाही. मान ताणून चोच आकाशाकडे करतो आणि तसाच स्तब्ध राहतो. गळ्यावरच्या उभ्या रेघा गवताच्या पात्यांत मिसळून जातात. चोच वर असली तरी त्याच्या डोळ्यांना समोरचं दिसत असतं! मासे, बेडूक, पाणकिडे हे त्याचं खाणं. घरटंही त्याच गवतात.

म्हणूनच काठावरचं गवत जाळलं किंवा उपटलं, की त्याचं घर आणि शिकार दोन्ही जातात. इंग्लंडमध्ये दलदली कोरड्या केल्या, शिकारही झाली, आणि तिथला मोठा तापस एकोणिसाव्या शतकाअखेर विणीसाठी दिसेनासा झाला. 1911 मध्ये नॉरफोकमध्ये तो पुन्हा घरटं करू लागला.

कृष्णा, येरळा आणि गावतळ्यांच्या काठी स्वच्छता करताना पाणकणसाचा एखादा पट्टा जरूर राखा, विशेषतः पावसाळ्यात. तो तापसाच्या विणीचा काळ असतो.