मृगाच्या पोटातला बाण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जानेवारी-फेब्रुवारीत रात्रीची जेवणे उरकून गच्चीवर आलात, की मान थोडी वर करून पाहा. चार ठळक ताऱ्यांचा एक चौकोन दिसेल आणि त्याच्या मधोमध एका ओळीत तीन तारे. हे मृग नक्षत्र. चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे त्याला लागलेला बाण. त्या बाणाची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवत नेली, की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा लागतो. तो व्याध, म्हणजे शिकारी. शाळेत हे आपण सगळेच शिकतो. मला मात्र हे नक्षत्र माझ्या मामूंनी शिकवले आणि जरा वेगळे शिकवले. ते म्हणाले, ''देख बेटा, बाण कुठं बसलाय? पोटात. नेम चुकला. म्हणून तर अजून पळतंय बिचारं.''

मामू म्हणजे माझ्या अम्मीचे थोरले भाऊ. सोलापूरच्या एका गिरणीत फिटर होते. आमच्या घरात दखनी बोलतात. मामू दखनी आणि मराठी एकाच वाक्यात बोलत. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची बारा बोअरची दुनळी बंदूक होती, रीतसर परवान्याची. सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांचे तीन दोस्त, एक धनगर, एक पद्मशाली विणकर आणि एक मराठा जमादार, सायकलींवरून बार्शी रस्त्याच्या बाजूचे माळ गाठत. काळवीट तेव्हा या माळांवर कळपाने होते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काळवीट हे हरीण नव्हे, ते कुरंग. हरणाची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात, काळविटाची पिळाची शिंगे जन्मभर राहतात. पण आमच्याकडे सगळे त्याला हरीणच म्हणतात आणि मीही आज तेच म्हणणार आहे.

1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि मामूंची शिकार बंद झाली. कुणी पकडले नाही, कुणी दटावले नाही. वर्तमानपत्रात वाचले आणि बंदूक कपाटात गेली. मला तेव्हा काही कळत नव्हते, इतका मी लहान होतो. त्यामुळे मामूंची शिकार मी पाहिली नाही, ऐकली. आणि ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इतर शिकारी किती मारली ते सांगतात, मामू कुठे मारली ते सांगत.

ते म्हणत, हरणाच्या डोळ्याकडे बघायचे नाही आणि शिंगांकडे तर मुळीच नाही. नवशिक्याची नजर शिंगांवर जाते आणि जिथे नजर जाते तिथेच गोळी जाते. बघायचे ते पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या अंगाला. हृदय तिथे असते, आजूबाजूला फुप्फुसे. सगळी मिळून जागा नाश्त्याच्या ताटलीएवढी. हरीण आडवे उभे असेल तरच ती ताटली नीट मिळते. समोरून तोंड करून उभे असेल तर थांबायचे. पळत असेल तर बंदूक खाली ठेवायची. त्या जागेच्या वीतभर मागे गेलात की यकृत, आणि आणखी मागे गेलात की पोट. हरीण रवंथ करणारे जनावर. निम्मे अंग त्याचे पोटच. तिथे गोळी लागली तर ते मरते, पण तासातासाने मरते आणि तोवर चालत राहते.

रक्तावरूनही मामूंना कळे. फेसाळ, लालभडक रक्त म्हणजे फुप्फुस. जनावर जवळच पडलेले असणार. काळपट, दाट रक्त म्हणजे यकृत. आणि रक्त थोडे, त्यात हिरवट घाण आणि वास, म्हणजे पोट. ''मग?'' मी विचारी. ''मग काय, त्या दिवशी घरी लवकर जायचं नाही.''

आता एक गोष्ट सांगतो, ती श्रोत्यांपैकी अनेकांना नवी असेल. शिकारीचे मांस हलाल कधी, याचे आमच्याकडे नियम आहेत. अल्लाहचे नाव घेऊन बाण सोडला आणि धारेने रक्त वाहून जनावर मेले तर ते चालते. पण बंदूक आली आणि उलेमांमध्ये वाद सुरू झाला. गोळीला धार नसते, ती आघाताने मारते. काही विद्वान म्हणतात चालेल. पण आपल्या मुलखातल्या बहुतेक हनफी उलेमांचे मत असे, की गोळी लागलेले जनावर जिवंत हाती लागले पाहिजे आणि सुरीने जबह झाले पाहिजे. गोळीनेच मेले तर ते खाता येत नाही.

म्हणजे पाहा काय पेच झाला. नेम अचूक बसला तर जनावर जागीच मरते आणि मांस हातचे जाते. नेम थोडा ढिला ठेवला, पायावर किंवा कमरेवर, तर जनावर तडफडते, पण सुरी घेऊन पोहोचेपर्यंत जिवंत राहते. असे मुद्दाम करणारे लोक होते, मामूंनी पाहिलेले. मामू स्वतः ताटलीवरच नेम धरत. मग सुरी घेऊन धावत. धुगधुगी असली तर बिस्मिल्ला म्हणून जबह करत. नसली तर सुरी पुसून म्यानात आणि सगळे मांस दोस्तांना. त्या रविवारी मामू मोकळ्या हाताने घरी येत आणि मामी डाळ शिजवी. धनगर दोस्त त्यांची थट्टा करी, ''तुमचा नेम चांगला लागला की आमची चैन होते.'' मला वाटते, मामूंच्या धार्मिकपणाबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते त्यांच्या नमाजापेक्षा या रिकाम्या पिशवीतून कळले.

आमच्या दादी एक हरणीची गोष्ट सांगत. दखनीत ती पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली हरणी पैगंबरांना विनवते, पाडसांना दूध पाजून परत येते. पैगंबर तिला जामीन राहतात आणि हरणी खरोखर परत येते. शेजारच्या आजी शिवरात्रीला व्याधाची गोष्ट सांगत. तिथेही हरणी पाडसांना भेटून परत येते आणि शेवटी सगळी आकाशात नक्षत्र होऊन राहतात. बरीच वर्षे मला ही एकच गोष्ट वाटत होती. दोन्हींत शिकारी हत्यार चालवत नाही, हे मोठेपणी लक्षात आले.

आता माझ्या गोष्टीकडे येतो. ती मी आजवर कुठे सांगितली नव्हती.

1977 च्या हिवाळ्यातली गोष्ट. मी अकरा वर्षांचा. मामूंवर ज्यांचे उपकार होते अशा एका गृहस्थांकडे बाहेरगावचे पाहुणे आले होते. त्यांच्याजवळ रिव्हॉल्व्हर होते आणि त्यांना त्याने हरीण मारायचे होते. माळ माहीत असलेला माणूस हवा, म्हणून मामूंना बोलावणे आले. मामूंनी कायद्याची आठवण करून दिली. त्यावर सगळे हसले. कायदा आला होता, पण माळावर अजून पोहोचला नव्हता. माळढोकाचे अभयारण्यसुद्धा इथे 1979 मध्ये झाले. मामूंना नाही म्हणता आले नाही. मी हट्ट करून जीपमध्ये बसलो.

वाटेत मामूंनी त्या पाहुण्यांना समजावून पाहिले. फिटर माणूस, मिलिमीटरमध्ये विचार करणारा. ते म्हणाले, साहेब, नेम धरायला नळीच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच. रायफलमध्ये या दोहोंत साठ सेंटिमीटर अंतर धरा, तुमच्या या हत्यारात पंधरा. माशी एक मिलिमीटर हलली तर तीस मीटरवर रायफलची गोळी पाच सेंटिमीटर सरकते. तुमची वीस सरकेल. वीस सेंटिमीटर म्हणजे छातीपासून पोटापर्यंत. त्यातून रायफलला खांद्याचा टेकू असतो, हे नुसत्या हातावर. हात हलणारच.

हा हिशेब मी पुढे शाळेत समरूप त्रिकोण शिकलो तेव्हा करून पाहिला. बरोबर होता.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे. त्यासाठी जबर ताकदीची हत्यारे असतात, वर दुर्बीण बसवतात. पण तिथलेही जाणते शिकारी मामूंचेच सांगतात: अगदी जवळ जा, हाताला टेकू घे, जनावर आडवे उभे असेल तरच चाप ओढ, नाहीतर घरी जा. ताकद कितीही असली तरी पोटातली गोळी ती पोटातलीच. आपल्याकडे पूर्वी हत्तीवरून वाघाच्या शिकारीला जाणारे साहेब हौद्यात जाड नळीचे पिस्तूल ठेवत. पण ते वाघ हौद्यावर चढलाच तर जीव वाचवायला. छोटे हत्यार जवळच्या संकटासाठी. दूरवर शांतपणे चरणाऱ्या जनावरासाठी ते बनलेलेच नाही.

पाहुण्यांनी ऐकून घेतले आणि जीपमधूनच गोळी झाडली. अंतर चाळीस पावले. कळपात एक मोठा काळा नर होता, बाकी माद्या आणि पिल्ले. सगळा कळप उधळला. काळवीट उड्या मारत पळते ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. जमिनीला पाय लागतात की नाही अशी शंका येते. पाहुणे म्हणाले, ''हुकली.'' दुसरी गोळी झाडेपर्यंत कळप लांब गेला होता. मग थंडी वाजते म्हणून, भूक लागली म्हणून, जीप वळली.

मामू खाली उतरले. त्यांनी पाहिले होते. तो नर इतरांसारखा उडाला नव्हता. पाठीला कुबड काढून, आखडत पळाला होता. ''लागलीय,'' मामू म्हणाले. ''तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो चालत.'' जीप गेली.

अर्धा तास आम्ही नुसते बसून राहिलो. मला वाटले मामू घाबरले. ते म्हणाले, लगेच मागे लागलं तर ते आणखी पळतं. थांबलं तर कुठंतरी बसतं. मग गोळी झाडली ती जागा शोधली. कुसळी गवतावर रक्ताचे दोन-चार ठिपके आणि हिरवट डाग. मामू वाकले, बोट लावून वास घेतला आणि काही बोलले नाहीत. सूर्य मावळत होता. आम्ही खुरांच्या मागावर चालत राहिलो. अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात. मध्येच माग हरवे. मग मामू मला शेवटच्या ठिपक्याजवळ उभे करून स्वतः गोल फिरून पुढचा ठिपका शोधत. एका जागी ते बसले होते आणि उठून पुन्हा गेले होते. ती दबलेली, ओली जागा मला अजून दिसते.

ओढ्याच्या काठी, बोरीच्या झाळीत ते सापडले. जिवंत होते. उठायचा प्रयत्न केला, उठता आले नाही. बॅटरीच्या उजेडात डोळे हिरवे चमकले. मामूंनी मला पाठ फिरवायला सांगितले. मी फिरवली नाही. त्यांनी गुडघा टेकला, मान किब्ल्याकडे वळवली, डोळ्यांवर हात ठेवला आणि ''बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर'' म्हणून सुरी चालवली. एका क्षणात शांत झाले.

नियमाने ते आता हलाल होते. मी विचारले, घरी न्यायचे का? घरात आठवड्यातून एकदा मांस शिजे, हे लक्षात घ्या. मामू म्हणाले, ''हलाल हुआ, लेकिन अपना नहीं हुआ.'' इथे लांडगे आहेत, त्यांना सापडेल, एवढेच पुढे बोलले. सुरी मातीने घासली, गवताने पुसली. परतताना रस्ता लागेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग थांबून त्यांनी वर बोट दाखवले आणि ते मृग नक्षत्राचे वाक्य म्हणाले, ज्याने मी आज सुरुवात केली.

कायद्याच्या दृष्टीने मामू गुन्ह्यात सामील होते, आणि वाट दाखवणारा माणूस निर्दोष असतो असे मीही म्हणणार नाही. मामूंनीही कधी म्हटले नाही. आज काळविटाच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची कैद आहे. जोधपूरजवळच्या 1998 च्या शिकारीबद्दल एका मोठ्या नटाला 2018 मध्ये न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा आमच्या चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, एका हरणासाठी इतके? मी गप्प बसलो. मला ती दबलेली ओली जागा आठवत होती. नान्नजकडे गेलात तर माळढोक आता दिसणे दुर्मिळ, पण काळवीट दिसतात. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून लोक मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढतात. हातात धरलेले यंत्र हलतेच, छायाचित्र धूसर येते. पण त्याने कुणी रात्रभर चालत नाही.

त्या रात्रीनंतर काही महिन्यांनी ते उपकारकर्ते गृहस्थ बाजारात भेटले. मी मामूंच्या सायकलवर पुढे बसलो होतो. ते म्हणाले, ''अरे, पाहुणे पत्रातून विचारत होते. त्या दिवशी लागली होती का त्यांची गोळी? सापडलं का काही? शिंगं तरी?''

मामूंनी सायकलवरून एक पाय खाली टेकला.

''नाही साहेब,'' ते म्हणाले, ''चुकली.''