सोफ्याखालची जमीन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



घर घ्यायला निघालं की एक शब्द आपल्या कानावर शंभरदा पडतो. कार्पेट. 'कार्पेट किती?' असं आपण विचारतो. साध्या मराठीत याचा अर्थ एवढाच, की सतरंजी किती अंथरता येईल? पूर्वी बिल्टअप, सुपर बिल्टअप असल्या फुगवलेल्या आकड्यांवर घरं विकली जायची. २०१६ च्या 'रेरा' कायद्यानं कार्पेट क्षेत्राची नीट व्याख्या केली. बाहेरच्या भिंती त्यात धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही. घराच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरायच्या. म्हणजे कागदावरचं कार्पेटही सगळं अंथरता येत नाही, थोडं भिंतींखाली जातं. जे उरतं, त्यावर आपला संसार मांडायचा. हा संसार मांडायचा कसा, कमी पैशात आणि कमी जागेत, याविषयी आज थोडं बोलणार आहे.

मी लहान घरांविषयी बोलते आहे. २०१५ साली सुरू झालेल्या शहरी पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराचं कार्पेट ३० चौरस मीटरपर्यंत धरलं होतं, म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात त्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचं घर द्यायचं ठरलं आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये दिला गेला. शंभर वर्षं एका खोलीत काढलेल्या कुटुंबाला हा केवढा मोकळा श्वास! पण चाळीतल्या त्या खोलीला एक विद्या येत होती. ती विद्या नव्या घरात सोबत न्यायला हवी.

ती विद्या म्हणजे जमीन मोकळी ठेवण्याची. सकाळी अंथरुणं उचलून पलंगाखाली गेली की त्याच जागेवर स्टोव्ह पेटायचा, चहा व्हायचा. नऊ वाजता तिथंच पाट मांडून जेवणं. दुपारी तिथंच धान्य निवडणं, शिवणाचं मशीन. संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री पुन्हा अंथरुणं. आमच्यासारख्यांच्या घरात तिथंच दस्तरखान पसरायचा आणि तो झटकून घडी घातला, की त्याच फरशीवर दादी नमाजाला उभी राहायची. एकच जमीन दिवसातून पाच वेळा वेगळी व्हायची. तिला कुणी 'हॉल' म्हणत नव्हतं की 'डायनिंग' म्हणत नव्हतं.

नव्या फ्लॅटमध्ये आपण गेलो की पहिलं काय करतो? सोफासेट आणतो. का, तर पाहुणे येतील. आता जरा हिशेब करू. समजा हॉल १० बाय १४ फुटांचा आहे, म्हणजे १४० चौरस फूट. तीन माणसांचा सोफा, दोन एकेकट्या खुर्च्या आणि मधला टीपॉय मिळून सुमारे ४० चौरस फूट जागा खातात. पाय पसरायची नि जायची-यायची जागा यात धरलेली नाही. म्हणजे हॉलचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला. समजा, घर चौरस फुटाला १० हजार रुपये या भावानं घेतलं आहे. मग सोफ्याखालच्या जमिनीची किंमत झाली ४ लाख. दुकानात सोफ्यावर ४० हजारांची चिठ्ठी लावलेली असेल, पण आपल्या घरात तो ४ लाख ४० हजारांना बसतो. आणि त्या ४ लाखांचे हप्ते आपण पंधरा-वीस वर्षं भरत असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. लहान घरात कुठलीही वस्तू घेताना तिच्या किमतीत तिच्याखालच्या जमिनीची किंमत मिळवा. मग स्वस्त काय नि महाग काय, याचा क्रमच बदलतो. भिंतीवर ठोकलेली फळी स्वस्त ठरते. सुबक काचेचा शोकेस महाग ठरतो. दिवसा बसायला, रात्री झोपायला आणि पोटात गाद्या-गोधड्या ठेवायला उपयोगी पडणारा ६ बाय ३ फुटांचा दिवाण १८ चौरस फुटांत तीन कामं करतो. त्याच्यासारखा गुणी नोकर नाही.

दुकानात जाण्यापूर्वी आणखी एक काम करायचं. एक कागद घ्या आणि घरातल्या माणसांची नावं लिहा. वस्तूंची नव्हे, माणसांची. प्रत्येकाच्या नावापुढे तीन प्रश्न. हे माणूस रात्री कुठं झोपतं? दिवसा आपलं काम कुठं बसून करतं? आणि त्याच्या स्वतःच्या वस्तू कुठल्या खणात असतात? ज्याच्या नावापुढे या तीनपैकी एखादी जागा कोरी राहील, त्या माणसासाठी पहिलं फर्निचर.

हा कागद खरोखर लिहिला, तर बहुतेक घरांत दोन नावांपुढे कोरी जागा दिसते. एक घरातली म्हातारी आणि दुसरी शिकणारी मुलगी. मुलगा मित्राकडे जाऊन अभ्यास करू शकतो, वाचनालयात बसू शकतो, रात्री दहाला घरी येऊ शकतो. मुलीला ती मोकळीक अजून सगळ्या घरांत नाही. मग दहावीची मुलगी स्वयंपाकघराच्या फरशीवर, ओट्याला पाठ टेकून, भांडी आवरून झाल्यावर पुस्तक उघडते. आणि हॉलमधला सोफा पाहुण्यांची वाट पाहत बसलेला असतो! पाहुणे महिन्यातून दोनदा येतात, मुलीला अभ्यास रोज असतो.

तिला फार काही लागत नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद अशी एक फळी. भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली, खालून दोन दुमडते टेकू दिलेली. जमिनीपासून अडीच फूट उंच. काम झालं की फळी खाली पडते आणि भिंतीला चिकटते. सोबत एक घडीची लोखंडी खुर्ची, डोक्यावर दिवा आणि हाताशी एक प्लग. गल्लीतला सुतार अर्ध्या दिवसात हे करून देतो. जमिनीवर बसायची सवय असेल, तर जुन्या पेढ्यांवर मुनीमजी वापरत तसलं उतरतं मेज करून घ्यावं, म्हणजे मान मोडत नाही. पण ते तिचं असावं. त्यावर कुणी भाजीची पिशवी ठेवू नये.

म्हाताऱ्या माणसाची गोष्ट उंचीची आहे. गादी जमिनीवर घातली की जागा वाचते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही. पलंग किंवा दिवाण जमिनीपासून, गादीसकट, दीड फुटाच्या आसपास उंच असला तर पाय टेकवून उठता येतं. बेतानंच मऊ अशी, घट्ट भरलेली कापसाची गादी बरी. रुतणाऱ्या सोफ्यातून आजीला दोन माणसांनी ओढून काढावं लागतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि तिची जागा मोरीच्या वाटेवर हवी, वाटेत टीपॉय नको. रात्री अंधारात माणसं टीपॉयलाच अडखळतात.

आता मांडणीच्या चार गोष्टी. माणसाला सहज चालायला दोन ते अडीच फूट वाट लागते. कपाटाचं दार उघडायलाही जागा लागते. दीड फुटाचा एक पल्ला असला, की कपाटापुढे दीड फूट आणि शिवाय आपण उभं राहायची जागा सोडावी लागते. तिथं सरकत्या दारांचं कपाट कामाला येतं. लोखंडी कपाट, जे कुठल्याही कंपनीचं असलं तरी आपल्याकडे 'गोदरेजचं कपाट'च म्हटलं जातं, ते खिडकीजवळ लावू नये. उजेड आणि वारा या लहान घरातल्या दोनच फुकटच्या वस्तू आहेत. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवायचंच झालं, तर मध्ये दोन-तीन बोटं फट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात ओल येते आणि कपड्यांना बुरशी लागते. दोन मजली पलंग घेणाऱ्यांनी आधी वर पंख्याकडे पाहावं. वरच्या पलंगावर मूल उठून बसलं की डोकं सहज आठ फुटांपर्यंत जातं आणि आपल्या घरांचे पंखे साधारण तिथंच फिरत असतात.

लाकडाविषयी बोलते. तयार फर्निचर स्वस्त दिसतं, ते बरेचदा भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं असतं. कोरड्या भिंतीशी ते चांगलं टिकतं, पण ओटा, मोरी, गळकी खिडकी यांच्या शेजारी ते फुगतं, आणि एकदा फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. शिवाय ते वारंवार उघडून जोडलं, की स्क्रू धरत नाहीत. भाड्याचं घर दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सुताराकडून करून घेणार असाल, तर प्लायवरचा आयएसआयचा शिक्का बघा. सर्वसाधारण वापराच्या प्लायला आयएस ३०३ आणि मरीन प्लायला आयएस ७१० असा क्रमांक असतो. सगळ्या घराला मरीन प्लाय लावायची गरज नाही. जिथं पाणी लागतं तिथं तेवढं लावावं.

जुन्या बाजाराची लाज बाळगू नये. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडे, पुण्यात जुन्या बाजारात अजूनही भक्कम लाकडाचं सामान मिळतं. घेताना उलटं करून पाहावं. पायांशी बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर आत कीड आहे. सांध्यांत काळे ठिपके दिसले, तर ढेकूण आहेत. आणि आपल्या दाराची, जिन्याच्या वळणाची, लिफ्टची मापं खिशात असावीत. वस्तू दुकानातून निघते, पण तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकते आणि मग चढवणावळ दुप्पट होते.

पैशांचं एक सांगते. 'बिनव्याजी हप्ता' ही पाटी आता प्रत्येक दुकानात असते. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, अशी तंबी रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना दिली होती. व्याज असतंच, कधी ते किमतीत मुरवलेलं असतं, कधी प्रोसेसिंग फीमध्ये असतं, कधी रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. म्हणून दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावे. रोख दिले तर किती? हप्त्यानं सगळे मिळून किती? दोन आकड्यांमधला फरक म्हणजे व्याज, त्याला नाव काहीही द्या. घराचा हप्ता चालू असताना सोफ्याचाही हप्ता सुरू झाला, तर महिन्याच्या वीस तारखेनंतर ज्या गोष्टी कमी होतात, त्यात आधी दूध असतं आणि मग मुलांच्या वह्या.

म्हणून नव्या घरात गेल्यावर पहिला महिना झोपायचं आणि अभ्यासाचं सोडून काही घेऊ नका. पंखे, दिवे, गाद्या, ती भिंतीवरची फळी आणि चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकात एक बसणाऱ्या. महिनाभरात घरच सांगू लागतं, की ऊन कुठं येतं, माणसं कुठं बसतात, चपलांचा ढीग कुठं होतो. मग हवी ती वस्तू घरात येण्याआधी तिच्या मापाएवढे जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जमिनीवर पसरा, कडा चिकटवा आणि दोन दिवस त्यावर पाय न देता वावरा. चिडचीड झाली, तर वस्तू मोठी आहे. कागद गुंडाळून रद्दीत टाकता येतो. सोफा टाकता येत नाही.

कुणी विचारेल, एवढी मोकळी जमीन ठेवून करायचं काय? तर श्रोतेहो, आपल्या आयुष्यातल्या साऱ्या मोठ्या गोष्टी जमिनीवरच होतात. बाळ रांगतं ते जमिनीवर. गणपतीच्या चौरंगापुढे आरतीला पंधरा माणसं उभी राहतात, रमजानमध्ये इफ्तारीला शेजारीपाजारी मांडीला मांडी लावून बसतात. गावाहून परीक्षेला आलेला भाचा चार दिवस राहतो, त्यालाही हात-पाय पसरायला जमीनच लागते. आणि घरातलं माणूस जातं, तेव्हा त्याला घडीभर टेकवायलाही जमीनच लागते. त्या दिवशी लोक कॉरिडॉरमध्ये सोफा उभा करून ठेवतात, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे.

घर लहान असलं, की आपण त्याची लाज झाकायला सामान भरतो. पण येणारं माणूस सोफा पाहायला येत नाही. त्याला 'या, बसा' म्हणायला जागा उरली आहे का, एवढंच आपण पाहावं. सतरंजी स्वच्छ असली की पुरे.