सेवाव्रती आणि विलगीकरण



प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी पुण्यात अंत झाला. त्यांना आपण वंदन करतो. परंतु साथीच्या मुलखातून परतणाऱ्या परिचारिकेला दार उघडतो काय?

ऑक्टोबर २०१४ मध्ये इबोलाग्रस्तांची सेवा करून परतलेल्या एका परिचारिकेला, तपासणीत रोग न आढळताही, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने तंबूत ठेवले. इबोला लक्षणांपूर्वी पसरत नाही. म्हणून पुढे मेन राज्यातील न्यायाधीशांनी तिला कोंडून ठेवण्यास नकार दिला. प्रकृतीवरील देखरेख मात्र कायम ठेवली. कोविड लक्षणांपूर्वीही पसरतो. तेथे हा न्याय जसाच्या तसा लागू पडत नाही. नियम रोगाच्या स्वभावावरून ठरावा, भयावरून नव्हे.

दुसरा प्रश्न विलगीकरणाच्या भाराचा. तो काळ रजा मानून वेतन कापले जाते, ही तक्रार जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. समाजाच्या रक्षणासाठी जो एकान्त स्वीकारतो, त्याचा तो एकान्तही सेवाच होय. त्याचे वेतन बुडाले, तर उद्या कोणी संपर्क लपवील, कोणी जाण्यासच कचरेल. आणि त्यात हानी आपलीच.

गोंदिया-नागपूरच्या रुग्णालयांतून आपल्या लेकी उद्या वैनगंगेकाठी परततील. त्यांना वेगळी खोली अवश्य द्यावी. पण उंबऱ्याशी ताट आपुलकीने पोहोचावे. अंतर देहांत असावे, मनांत नसावे, एवढीच प्रार्थना.