शेतजमिनीचे मोल आणि न लिहिलेला खंड

रब्बीची सुगी आवरत येते तेव्हा महाराष्ट्रातील शेतीविषयी तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी स्पष्ट होतात: पिकाचा उतारा, बाजार समितीतील आवकेवर ठरणारा भाव आणि गुढीपाडव्याच्या सुमारास जमीन कसायला देताना ठरणारा खंड. पहिल्या दोन गोष्टी सरकारदप्तरी नोंदल्या जातात, तिसरी मात्र बहुतेक गावांत तोंडी ठरते आणि तोंडीच राहते. जमिनीच्या मोलाचा अभ्यास या तिसऱ्या गोष्टीपासून सुरू व्हावा, असे या परिषदेपुढील प्रतिपादन आहे.

मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत रब्बी ज्वारी प्रामुख्याने परतीच्या पावसाने मुरलेल्या ओलीवर पिकते. दाणा भरेपर्यंत वरचा थर भेगाळलेला असतो आणि पीक तग धरते ते खालच्या ओलीवर. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु तिचे अर्थकारण केवळ दाण्यावर उभे नाही. चाराटंचाईच्या वर्षी कडब्याच्या पेंढ्यांना असा भाव येतो, की धान्यात बसलेली तूट काही अंशी वैरणीतून भरून निघते. पैसेवारी, म्हणजे प्रमाण उत्पन्नाशी तुलना करून पिकाची स्थिती पैशांच्या परिमाणात सांगणारी महसुली पद्धत, मुख्यतः दाण्याचा विचार करते. म्हणून कोरडवाहू शिवाराच्या खऱ्या उत्पन्नाचे तिच्यातून दिसणारे चित्र अपुरे राहते.

भावाचे गणित तर शिवाराबाहेरच अधिक ठरते. 2022 चा मार्च भारतात 1901 पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेकडील गव्हाचा दाणा उष्णतेने आकसला आणि जगात गव्हाला चढा भाव असतानाच 13 मे रोजी निर्यातबंदी लागू झाली. हरभऱ्याची गोष्ट महाराष्ट्राला अधिक जवळची आहे. 2025-26 च्या विक्री हंगामासाठी त्याचा हमीभाव क्विंटलला 5,650 रुपये होता. परंतु डिसेंबर 2023 पासून पिवळ्या वाटाण्याची शुल्कमुक्त आयात खुली झाली होती आणि डाळीत व बेसनात हरभऱ्याची जागा हा वाटाणा घेऊ शकतो. हमीभाव जाहीर करणाऱ्या हातानेच आयातीचे दार उघडे ठेवावे, हे शेतकऱ्यावर अन्याय करणारे धोरण होते.

पीक आणि भाव यांच्या मेळातून जमिनीचे मोल ठरावे, ही अर्थशास्त्राची सरळ अपेक्षा असते. एखाद्या एकराचा वार्षिक खंड 10,000 रुपये आणि व्याजदर 8 टक्के धरला, तर त्या एकराचे शेतीमोल 1,25,000 रुपये होते. प्रत्यक्ष खरेदीखतातील रक्कम याच्या कितीतरी पट असते, कारण तीत रस्त्याची जवळीक, पुढेमागे बिगरशेती परवान्याची आशा आणि शहरातील पैसा सुरक्षित ठेवण्याची इच्छा मिसळलेली असते. राज्यातील सरासरी धारणक्षेत्र 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होते, ते 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आले. इतक्या लहान तुकड्यावर पोट भरत नाही म्हणून शेजारचे रान घ्यावे म्हटले, तरी शेतीच्या उत्पन्नातून त्याची किंमत फिटत नाही, आणि मग ते खंडाने किंवा अर्धेलीने कसणे एवढाच मार्ग उरतो.

हा मार्ग कागदावर मात्र दिसत नाही. 1948 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कुळे जमिनीची मालक मानली गेली, हे त्या कायद्याचे थोर कार्य होय. त्याच कायद्याच्या धास्तीने आज मालक खंडाचा कागद करीत नाही आणि कसणाराही अधूनमधून बदलतो. 2021 पासून राज्यभर राबवली जाणारी ई-पीक पाहणी सातबाऱ्यावर पीक नोंदते. पण तो सातबारा मालकाचा असल्याने पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई यांसाठी बियाणे-खताचा पैसा घालणाऱ्या खंडकऱ्याला मालकाच्या संमतीवर विसंबावे लागते, आणि पुष्कळदा हे लाभ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. टी. हक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नीती आयोगासाठी 2016 साली तयार केलेल्या आदर्श भाडेपट्टा कायद्यात मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज आणि विमा मिळण्याची तरतूद सुचवली आहे. त्या धर्तीवर पीक पाहणीच्या नोंदीतच खंडकऱ्याचे नाव, मुदत आणि खंडाची रक्कम यांसाठी रकाना असावा, आणि त्या नोंदीतून कुळाचा हक्क निर्माण होणार नाही हे कायद्यातच स्पष्ट लिहिले जावे, अशी शिफारस या परिषदेने शासनाकडे करावी.