चेरीचा साखरांबा

मिशिगनमधल्या ट्रॉय गावी माझा संसार आहे. इथे जुलैत आंबट चेरी येते. मॉन्टमोरेन्सी जातीची, लालभडक, चिमटीत धरली की रस गळतो. अमेरिकेतली बहुतेक आंबट चेरी आमच्याच राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी पिकते. सरोवराचं पाणी उशिरा तापतं, त्यामुळे झाडं घाईने फुलत नाहीत आणि कळ्या थंडीतून वाचतात. २०१२ साली मात्र मार्चमध्येच कडक ऊन पडलं, कळ्या फुगल्या आणि एप्रिलच्या हिमात राज्यातलं जवळजवळ ९० टक्के पीक गेलं. कोकणात मोहोर करपलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दुःख कळेल.

या चेरीचा मी साखरांबा करते. बिया केसांच्या आकड्याने काढायच्या, म्हणजे फळ फाटत नाही. माहेरी कैरीच्या किसाचा साखरांबा, फोडींचा मोरांबा आणि गूळ घालून गुळांबा होत असे. कैरीत आंबटपणाही असतो आणि रस धरून ठेवणारं पेक्टिनही. चेरी आंबट खरी, पण तिच्यात पेक्टिन कमी. पहिल्या वर्षी माझा साखरांबा सरबतासारखा पातळ राहिला. पुढच्या वर्षी एक हिरवं सफरचंद किसून घातलं आणि छान आळला. शेवटी वेलदोड्याची पूड. तिच्याशिवाय तो मला साखरांबा वाटतच नाही.

इथल्या बायका गार बशीवर थेंब टाकून बोटाने सारतात. सुरकुती पडली की जॅम झाला. माझी आई अंगठा आणि तर्जनीत पाक धरून तार पाहायची. एकदा मी थर्मामीटर घेऊन दोन्ही करून पाहिलं. जॅम १०४-१०५ अंश सेल्सिअसला होतो आणि आईची एकतारीही तिथेच आसपास येते. त्या क्षणी मला आईचा फार अभिमान वाटला.

आई बरणीला दादरा बांधायची. मी काचेच्या बाटल्या झाकण लावून उकळत्या पाण्यात ठेवते. बाहेर काढून निवल्या की झाकण आत ओढलं जातं आणि टक् असा आवाज येतो. परवा सहा बाटल्या भरल्या. रात्री अंथरुणात पडून आवाज मोजले, पाच भरले. सहावी फ्रिजमध्ये गेली. तिच्यातलाच साखरांबा आज सकाळी पोळीशी खाल्ला.