बर्फगाडीचा पट्टा

कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत व्हॅल्कूर नांवाचें एक लहानसें गांव आहे. १९३४ च्या जानेवारींत तेथील एका मोटार-दुरुस्तीच्या कारखानदाराचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकारानें आजारी पडला. रुग्णालय शेरब्रुक शहरीं, म्हणजे सुमारें ५० किलोमीटरांवर. एरव्हीं हें अंतर मोटारीला कांहींच नव्हे. परंतु त्या दिवसांत रस्ते बर्फाखालीं गडप झाले होते, आणि बर्फावरून भरंवशानें नेईल असें वाहन हाताशीं नव्हतें. मूल दगावलें. त्या बापाचें नांव जोसेफ-आर्मां बोंबार्दिए.

१९०७ सालीं जन्मलेल्या या मनुष्याला यंत्रांचें वेड बालपणापासूनच होतें. पंधराव्या वर्षीं, म्हणजे १९२२ त, वडिलांनीं दिलेल्या जुन्या फोर्ड मोटारीचें इंजिन एका घसरगाडीवर चढवून व त्याला मागें विमानासारखा पंखा जोडून त्यानें ती गांवांतून हांकली. तो गरगरणारा उघडा पंखा पाहून वडिलांनीं तें यंत्र मोडावयास लाविलें. आणि वडिलांचें कांहीं चुकलें असें म्हणवत नाहीं. १९२६ त त्यानें स्वतःचा कारखाना काढला आणि तेव्हांपासून हिंवाळा आला कीं त्याचे प्रयोग चालत. पुत्रशोकानंतर या छंदाला निराळेंच निकडीचें स्वरूप आलें.

बर्फावर गाडी चालविण्यांतील अडचण दुहेरी आहे. पहिली रुतण्याची. ताजा पडलेला बर्फ बहुतांशीं हवाच असतो. तो वितळविला तर आकारमानाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकेंच पाणी हातीं लागतें. अशा भुसभुशीत थरांत मोटारीचें अरुंद चाक खालीं जावयाचेंच. म्हणून वजन पसरून टाकणारा रुंद पट्टा चाकांभोंवतीं फिरता ठेवावयाचा, ही युक्ति बोंबार्दिएच्या आधींची आहे. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या पदरीं असलेला फ्रेंच यंत्रज्ञ आदोल्फ केग्रेस यानें राजाच्या मोटारींना असे लवचिक पट्टे जोडले होते, व तसल्याच पट्ट्यांची एक रोल्स-रॉइस गाडी पुढें लेनिनच्या वापरांत आली. राज्य पालटलें, बर्फ मात्र तोच राहिला.

दुसरी अडचण चिकटण्याची, आणि ही अधिक चिवट. आपल्याकडील काळ्या रानांत पावसाळ्यांत बैलगाडी घालणारास ती निराळी समजावून सांगावयास नको. चिखल धावेला चिकटतो, मग आऱ्यांमधल्या जागा भरतात, आणि शेवटीं गाडीवानास उतरून काठीनें चाक खरवडावें लागतें. बर्फाची कथा तीच. फक्त चिखल गोठून दगड होत नाहीं, बर्फ होतो. पट्टा फिरविणाऱ्या चाकाला दांते असतात व ते पट्ट्याच्या खांचांत बसून त्याला ओढतात. या दांत्यांखालीं सांपडलेला बर्फ दाबला जातो, त्याचे कण एकमेकांना जखडतात, आणि प्रत्येक फेऱ्यास थर वाढत जातो. खांच भरली कीं दांता तींत पुरता शिरत नाहीं. पट्टा नको तितका ताणला जातो, इंजिन धापा टाकूं लागतें, आणि अखेर एक तर पट्टा चाकावरून उतरतो किंवा तुटतो. गंमत अशी कीं कडाक्याची थंडी यांत त्यामानानें सुसह्य. उणें वीस अंशांवर बर्फ कोरड्या रांगोळीसारखा झडून जातो. पारा शून्याजवळ आला म्हणजे तोच ओलसर होऊन लोण्यासारखा लिंपला जातो.

बोंबार्दिएनें १९३५ त यावर तोड काढली. पट्टा फिरविणाऱ्या दांतेरी चाकाला त्यानें रबराचें आवरण दिलें आणि त्याच्या जोडीस रबर व सुती कापड यांचा पट्टा बसविला. लोखंडाला धरून बसलेला बर्फ सहजासहजीं सुटत नाहीं. रबर मात्र प्रत्येक वळणावर वांकतें, आणि तें वांकलें कीं त्यावरचा कडक थर तडकून गळतो. या रचनेचें पेटंट त्याला १९३७ च्या जूनमध्यें मिळालें. त्याच सुमारास सात माणसांची गाडी विक्रीस निघाली व १९४२ त बारा माणसांची. डॉक्टर, पाद्री, टपालवाले, शाळेंत जाणारीं मुलें, सर्वांचा प्रवास तींतून होऊं लागला. तरीहि बर्फानें एक जागा शोधून काढलीच होती: पट्ट्याच्या आंतील चाकांचे आरे. तेव्हां आऱ्यांच्या जागीं भरीव तबकडीचीं चाकें आलीं. ज्या फटींत बर्फ बसे ती फटच नाहींशी केली. इतका साधा उपाय, पण तो सुचण्यापूर्वीं किती जणांनीं थंडीनें बधिरलेल्या बोटांनीं तीं चाकें खरवडलीं असतील!

१९४८ त क्वेबेक सरकारनें हिंवाळ्यांत रस्ते साफ ठेवण्याचा कायदा केला आणि या मोठ्या गाड्यांची विक्री एकाएकीं घसरली. कारखानदाराचें नुकसान झालें खरें, पण आजारी मुलांच्या आईबापांना यापेक्षां चांगली बातमी कोणती? पुढें १९५९ त त्यानें एकदोघांनीं बसावयाची ‘स्की-डू’ ही हलकी गाडी काढली. १९६४ त त्याचें निधन झालें. गुलमर्गला हौशी प्रवासी ज्या स्नो-स्कूटरवर बसतात ती याच जातीची.

या हलक्या गाडीचा रबरी पट्टा एकसंध असतो व पुष्कळदां त्यांत ओळीनें खिडक्या ठेवलेल्या असतात. आंत शिरलेला बर्फ त्यांतून बाहेर पडतो. हें पाहून कित्येक मालक आपल्या पट्ट्याला आणखी भोकें पाडावयास निघतात. येथें थोडें थांबावें. पट्ट्याच्या पोटांत बळकटीसाठीं धाग्यांचे थर असतात. ते कापले गेले म्हणजे पट्टा ताणतो आणि भोकाच्या कडेपासून फाटतो. शिवाय आंतला सर्वच बर्फ शत्रु नव्हे. पट्टा ज्या प्लास्टिकच्या घसरपट्ट्यांवरून सरकतो त्यांना थंड व ओल्या ठेवणारा बर्फच असतो. नुसत्या कठीण गोठलेल्या वाटेवर गाडी वेगानें हांकली तर त्या पट्ट्या तापून झिजतात. अनेक गाड्यांत इंजिनाचें पाणीहि पट्ट्यानें उडविलेल्या बर्फानेंच निवतें. म्हणून अशा वाटेसाठीं जमीन ओरखडून थोडा बर्फ मुद्दाम आंत उडविणाऱ्या तारा गाडीला लावतात!

तेव्हां पट्ट्याला सुरी लावण्यापेक्षां त्याच्या वरील पत्र्याच्या पोकळीस आंतून गुळगुळीत प्लास्टिकचें अस्तर देणें बरें. आणि संध्याकाळीं गाडी थांबविली म्हणजे तिचा मागचा भाग लाकडी ओंडक्यावर नीट टेकवून पट्टा अधांतरीं ठेवावा व अडकलेला बर्फ झाडून टाकावा. नाहीं तर दिवसभराच्या घर्षणानें ओला झालेला तो बर्फ रात्रींत गोठून पट्टा जमिनीस जखडतो, आणि सकाळीं कुदळ शोधावी लागते.