मणक्याचं ऑपरेशन झालंय, पाळण्यात बसू का?

बचत गटाची सहल खोपोलीजवळच्या इमॅजिकाला निघाली, की मणक्याचं ऑपरेशन झालेली एखादी म्हणते, "मी आपली घरीच बरी." आम्ही म्हणतो, तिलाही न्या; पण आधी तिच्या सर्जनना विचारा.

मणके स्क्रू-सळ्यांनी जोडले असतील, तर हाड जुळायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलंच, असं नाही. म्हणून नेमकं विचारा: हाड जुळलं का? झटका, पीळ, हादरा चालेल का?

रोलर कोस्टर, जत्रेतला ब्रेक डान्स, धडकगाड्या यांत हेच तिन्ही बसतात. शिवाय बाहेरची पाटी वाचा. पाठ-मानेच्या रुग्णांना मनाई असेल, तर बसायचं नाही. "काही होत नाही, चल," असा आग्रह आपणही करायचा नाही. डॉक्टर हो म्हणाले, तर संथ गाडीत तिच्याशेजारी बसा.

नंतर पाय बधिर झाले, पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा.

पाळणा चुकला तरी चालेल, सहल चुकायला नको.